सुतारकामाची पहिली हत्यारं: हात आखडता असताना काय घ्यावं आणि काय नंतर घ्यावं

लाकूडकाम शिकायचं मनावर घेतलेली माणसं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझी बहुतेक उत्तरं फिरून एकाच जागी येतात: हत्यारं थोडी घ्या, आणि त्यांना धार लावायची सोय पहिल्याच दिवशी करा. ज्यांना वाटतं की आपली पटाशी हलकी निघाली किंवा रंधा वाईट निघाला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात खरं तर बोथट हत्यार असतं.

अगदी कमीत कमी काय घेतलं तर काम सुरू होईल?

मोजायला टेप आणि पोलादी पट्टी, आखायला गुण्या आणि टोकदार चाकू, कापायला एक करवत, खाचा पाडायला दोन पटाश्या, सपाट करायला एक रंधा, एक हातोडी, भोकं पाडायला ड्रिल, लाकूड घट्ट धरायला दोन-चार क्लॅम्प, आणि धार लावायचं साहित्य. एवढ्यावर स्टूल, डबा, पुस्तकांची मांडणी, छोटं टेबल असं बरंच काही होतं.

पण हेही एका दिवसात आणू नका. आधी काय बनवायचं ते ठरवा. भिंतीवर एक फळी लावायची असेल तर करवत, गुण्या, ड्रिल आणि काचपेपर पुरतो. झाकणाचा डबा करायचा असेल तर पटाशी आणि रंधा लागेल. वस्तू ठरली की यादी आपोआप आखूड होते, आणि आणलेलं प्रत्येक हत्यार त्याच आठवड्यात हाताळलं जातं. न वापरता ठेवलेल्या हत्याराला गंज चढतो, आणि त्यातून तुम्ही काहीही शिकत नाही.

हातात आहेत तेवढे पैसे कशावर किती लावू?

माझा हिशेब असा. शंभरातले वीस ते पंचवीस धार लावण्याच्या साहित्यावर, पंधराएक मोजण्या-आखण्यावर, आणि उरलेले कापणाऱ्या हत्यारांवर. धारेवर इतके कशाला, असं सगळे विचारतात. कारण मध्यम प्रतीची पटाशी नीट धार लावली तर उत्तम चालते, आणि भारी पटाशी बोथट झाली की कुणाच्याच कामाची राहत नाही. शिवाय धारेचं साहित्य एकदाच घ्यायचं असतं. नंतर येणारं प्रत्येक पातं त्याच्यावरूनच जाणार.

संच घेतला तर स्वस्त पडतो ना?

नगावर भागाकार केला तर पडतो. माझी स्वतःची पहिली मोठी खरेदी म्हणजे लाकडी पेटीतला बारा पटाश्यांचा संच. पेटी उघडली की छान वाटायचं. पहिल्या दोन वर्षांत त्यातल्या तीनच पटाश्या मी खऱ्या अर्थाने वापरल्या. बाकीच्या नऊंची पाठ सपाट करून धार लावायचा धीरच झाला नाही, कारण एका पटाशीला पहिल्यांदा तासभर लागतो. पोलादही मऊ होतं. कठीण लाकडात दहा-बारा घाव घातले की धार मुडपायची. त्याच पैशांत दोन चांगल्या पटाश्या आणि एक दगड आला असता. ती रुखरुख अजून आहे.

एकाला मात्र मी हो म्हणतो: ड्रिलच्या लाकडाच्या बिटांचा छोटा संच. ३, ४, ५, ६, ८ आणि १० मिमी हे सगळेच आकार लागतात.

पटाशी कोणत्या रुंदीची घेऊ?

दोनच घ्यायच्या तर १२ मिमी आणि २५ मिमी. कारागिरांच्या भाषेत चार सूत आणि एक इंच. तिसरी घ्याल तेव्हा ६ मिमी, म्हणजे दोन सूत. ती अरुंद खाचांसाठी.

दोन्ही कडा तिरप्या उतरवलेली पटाशी घ्या, ती कोपऱ्यात आणि डोव्हटेलच्या, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या, सांध्यात शिरते. दुकानात हातात घेतली की पाठ बघा. पटाशीची सपाट बाजू म्हणजे तिची पाठ, आणि धार ही पाठ आणि समोरचा उतार यांच्या मिलनरेषेवर तयार होते. पाठीवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. धारेजवळ मधे किंचित पोकळ असेल तर चालेल, काम सोपंच होतं. टोकाकडे पाठ गोलसर उतरली असेल तर ती ठेवून द्या, ती सपाट करताना अख्खा रविवार जाईल. पातं आणि मूठ एका सरळ रेषेत आहेत का तेही बघा. मुठीवर लाकडी मोगरीने ठोकणार असाल तर मुठीच्या डोक्याला पोलादी कडी असलेली बरी.

करवत कोणती? दुकानात दहा प्रकार दिसतात.

करवतीचं काम दोन तऱ्हेचं असतं: उभं चिरणं आणि आडवं कापणं. लाकडाच्या रेषेबरोबर चिरायचं तर दात छोट्या पटाश्यांसारखे सरळ कापलेले हवेत, ते धागे खरवडून काढतात. रेषेला आडवं कापायचं तर दात चाकूसारखे दोन्हीकडून तासलेले हवेत, ते धागे आधी तोडतात. चिरायच्या करवतीने आडवं कापलं तर मागची बाजू फाटते. आडव्या करवतीने चिरायला गेलं तर होतं, पण हात भरून येतात.

दाताची संख्या इंचावर मोजतात. ५ ते ७ दात म्हणजे भराभर चिरणारी, ८ ते १२ म्हणजे आडव्या कापाची, १४-१५ म्हणजे सांध्यांसाठी बारीक. सुरुवातीला एकच करवत घ्यायची तर ओढून कापणारी जपानी पद्धतीची दुहेरी करवत हा माझ्या मते पैशाचा सर्वात चांगला उपयोग आहे. तिच्या एका कडेला चिरायचे दात असतात आणि दुसऱ्या कडेला कापायचे. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे ते पातळ ठेवता येतं आणि काप अरुंद पडतो. अट एकच: ती जोर लावून ढकलू नका. परत नेताना दाबलं तर पातं मुडपतं. बोथट झाली की पातं बदलायचं, बहुतेक ठिकाणी नुसतं पातं वेगळं मिळतं.

नेहमीच्या ढकलून कापायच्या करवतीत दातांची टोकं काळी-निळी दिसली तर ती तापवून कडक केलेली असतात. ती खूप दिवस टिकतात, पण कानशीने परत लावता येत नाहीत, कानस वरून घसरते. धार लावायला शिकायचं असेल तर साध्या पोलादी दातांची करवत घ्या.

रंधा स्वस्तातला नवा घेऊ की जुना?

जुना चांगला मिळत असेल तर जुना. लोखंडी रंध्यांवर दिसणारे ४, ५ हे आकडे लेनर्ड बेली या कारागिराच्या रचनेवरून आलेले आहेत. स्टॅन्लेने १८६९ मध्ये त्यांचे हक्क घेतले आणि तीच ठेवण पुढे इतर कंपन्यांनीही उचलली. म्हणून कुठल्याही नावाचा ४ नंबर साधारण सव्वानऊ ते साडेनऊ इंच लांबीचा, गुळगुळीत करायचा रंधा असतो, आणि ५ नंबर म्हणजे १४ इंची, सरळ करायचा. एकच घ्यायचा तर मी ५ नंबर म्हणेन. लांब असल्यामुळे तो फळीचे उंचवटे उतरवतो, आणि बारीक लावला तर गुळगुळीतही करतो. लहान चणीच्या किंवा हलके हात असलेल्या माणसाला ४ नंबर सोयीचा पडेल.

जुना बघताना तोंडाजवळ, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं तिथे, बिडाला तडा नाही ना ते नीट बघा. तडा असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. वरवरचा तांबडा गंज काही बिघडवत नाही. पात्याच्या पाठीवर धारेच्या जवळ खड्डे पडले असतील तर मात्र धार अखंड येणार नाही. पातं वेगळं मिळत असेल तरच घ्या.

नवा रंधा आणला, पण तो लाकूड कापण्याऐवजी फाडतो आणि तोंडात छिलके अडकतात. परत करू?

आधी हे करा. पातं काढा, त्यावरची टोपी, म्हणजे पात्यावर स्क्रूने आवळलेली लोखंडी पट्टी, सोडा. टोपीची पुढची कड पात्यावर एकसंध बसली पाहिजे. दोन्ही एकत्र धरून दिव्याकडे बघा. मधून उजेडाची फट दिसली तर छिलका तिथेच घुसतो आणि घडी पडून गच्च बसतो. टोपीची कड काचपेपरवर घासून नीट बसवा. मग टोपी धारेपासून एक मिमी मागे ठेवून आवळा. लाकडाच्या रेषा उलटसुलट असतील तर अर्ध्या मिमीवर आणा.

त्यानंतर धार. नवा रंधा दुकानातून कापायला तयार होऊन येत नाही, त्याचं पातं फक्त घासून दिलेलं असतं. धार लावून झाली की पातं इतकं आत घ्या की ते लाकडाला लागतच नाही, आणि मग रंधा ढकलत ढकलत स्क्रू एकेक पाव फेरा पुढे घ्या. पहिला छिलका धुळीसारखा येईल, मग तुटक, आणि एका क्षणी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड फीत वर येईल. तिचा आवाजही वेगळा असतो, कापड टरकावल्यासारखा पण मऊ. तो आवाज एकदा ऐकला की पुढे कान सांगतो रंधा नीट चाललाय का.

तरीही फाडत असेल तर फळी उलटी फिरवून बघा. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं ते झालेलं असतं. रेषा ज्या दिशेने वर चढतात त्याच दिशेने रंधा चालला पाहिजे.

धार कशी लावायची? दगड, काचपेपर, डायमंड प्लेट, नेमकं काय घेऊ?

सुरुवातीला सर्वात कमी पैशांत चालणारी रीत म्हणजे जाड काचेच्या सपाट तुकड्यावर चिकटवलेला काळा वॉटरप्रूफ काचपेपर: ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचा (आकडा मोठा तितका कागद बारीक). काच ८-१० मिमी जाडीची घ्या आणि तिच्या कडा घासून घ्या. काचपेपर झिजतो, म्हणून वर्षभराचा हिशेब केला तर तो दगडापेक्षा महाग पडतो. पण पहिले तीन-चार महिने त्याच्यासारखं काही नाही. नंतर पाण्याचा १००० नंबरचा दगड आणि ४००० किंवा ६००० चा दुसरा घ्या. पाण्याचे दगड भराभर कापतात पण मधे खोलगट होतात, त्यांना अधूनमधून सपाट करावं लागतं. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेली पाटी, खोलगट होत नाही. तेलाचा दगड हळू आहे, पण पिढ्यानपिढ्या टिकतो. घरात जुना पडला असेल तर तोच वापरा.

आता रीत. आधी पाठ, आणि पाठीचा फक्त पुढचा इंचभर भाग. तो काचेवर पूर्ण टेकवून घासायचा, जोवर धारेपर्यंत एकसारखी चमक येत नाही. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं आहे. पुढे फक्त दोन-चार हात फिरवायचे.

मग उतार. बहुतेक पटाश्यांचा उतार २५ अंशांचा घासून येतो, आणि त्याच्या अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी दिली की धार टिकते आणि दर वेळी अख्खा उतार घासावा लागत नाही. हाताने कोन धरणं सवयीने येतं. तोवर चाक असलेली स्वस्त पकड घ्या. तिच्यातून पटाशी ३० मिमी बाहेर काढली की ३० अंश मिळतात आणि ४० मिमी काढली की २५. रंध्याच्या पात्यासाठी तेच आकडे ३८ आणि ५०. एका फळीच्या तुकड्यावर या अंतरांवर खिळे ठोकून ठेवा म्हणजे दर वेळी पट्टी शोधायला नको.

उतारावर मार्करने काळा रंग फासा आणि दोनदा घासून बघा. रंग जिथे गेला तिथेच घासलं जातंय. धारेजवळचा रंग राहिला असेल तर कोन चुकतोय. हे मला कुणी पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर सहा महिने वाचले असते.

किती घासायचं? पाठीवरून बोट धारेकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेला, हलकेच सरकवा. धारेच्या पूर्ण रुंदीवर बारीक खरखरीत कड बोटाला लागली की त्या काचपेपरचं काम झालं. ती कड म्हणजे पलीकडे वळलेलं पोलाद. ती एका कोपऱ्यात लागते आणि दुसऱ्यात लागत नाही, म्हणजे अजून घासायचं आहे. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि नंतर बारीक दगडाला दोष देतात. शेवटच्या काचपेपरवर किंवा दगडावर पाठ आणि उतार आलटून पालटून फिरवून ती कड मोडायची, आणि लाकडावर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची हिरवी वडी घासून मागे ओढत दहा-पंधरा हात द्यायचे.

धार आली का हे अंगठ्यावर बघू नका. मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि त्याच्या टोकाकडची बाजू, जिथे वर्षवलयं दिसतात, ती नुसत्या हाताच्या दाबाने तासा. छिलका निघाला आणि मागची जागा चकचकीत, गडद दिसली तर धार आहे. भुकटी पडली आणि जागा पांढुरकी, चुरगळल्यासारखी राहिली तर परत जा.

ग्राइंडरवर लावली तर पटकन होत नाही का?

तुटलेल्या पात्याला आकार द्यायला ग्राइंडर ठीक. पण धारेजवळचं पातळ पोलाद क्षणात तापतं. निळा रंग चढला म्हणजे तापमान साधारण ३०० अंशांवर गेलं आणि साध्या कार्बन पोलादाचा कडकपणा उतरला. तो निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, आणि बोटाला चटका बसायच्या आत थांबा.

गुण्या बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं?

फळीची एक कड अगदी सरळ करून घ्या. गुण्या तिला टेकवून चाकूने रेघ मारा. आता गुण्या उलटा करून त्याच कडेला टेकवा आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला फाकल्या, तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. २०० मिमीवर १ मिमी फाकलं तर २०० मिमीला अर्धा मिमी. दारं-फळ्यांना चालून जाईल, डब्याच्या सांध्यांना नाही. दुकानातच ही परीक्षा करा. महागडा गुण्याही पडल्यावर बिघडतो, म्हणून वर्षातून एकदा पुन्हा.

पेन्सिल आणि चाकू दोन्हीने आखून बघा, फरक लगेच कळतो. पेन्सिलीच्या रेघेला रुंदी असते. चाकूची रेघ म्हणजे खाचच, त्यात पटाशीची धार आपोआप जाऊन बसते.

टेपचं पुढचं टोक हलतं. खराब आहे का?

नाही, ते मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. आकडी अडकवून मोजताना ती बाहेर सरकते, आणि आत टेकवून मोजताना स्वतःच्या जाडीएवढी आत जाते. म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. ते ठोकून घट्ट करू नका. आणि एका वस्तूला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप वापरा.

गंजलेली हत्यारं घरात पडली आहेत. ती वापरता येतील?

बहुतेक वेळा हो. लाकडी मूठ सोडवून लोखंडी भाग साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ब्रशने घासलं की काळपट थर निघून जातो. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर आम्ल राहून परत गंज चढतो. कोरडं करून तेलाचा हात द्या. करवतीचं पातं मात्र आधी डोळ्यासमोर धरून बघा. दांड्यापासून टोकापर्यंत सरळ दिसलं तर मेहनत घ्या. मुरगळलेलं पातं सरळ करणं नवख्याचं काम नाही.

मुठींना उकळलेलं जवसाचं तेल लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यातलं फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. ती बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

विजेवर चालणारी यंत्रं आधी घेतली तर?

एक घ्या: ड्रिल. हातावर पैसे कमी असतील तर वायरचं ड्रिल घ्या, बॅटरीचं त्याच ताकदीचं महाग पडतं. बॅटरीचं घेणार असाल तर पुढची यंत्रं त्याच बॅटरीवर चालणारी घ्यावी लागतील हे धरून कंपनी निवडा. कारण बॅटऱ्या एका कंपनीच्या दुसरीला सहसा बसत नाहीत आणि खर्चाचा मोठा भाग त्यांच्यातच असतो.

दुसरं यंत्र तुम्ही काय बनवता त्यावर. प्लायवूडच्या मोठ्या तक्त्यांवर काम असेल तर हाताने धरायची वर्तुळाकार करवत आणि तिला टेकायला एक सरळ पट्टी. टेबल सॉची, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीची, बरीच कामं यातून निभतात. वळणाचे आकार कापायचे तर जिगसॉ. राउटर (खाचा आणि कडांचे आकार कोरणारं यंत्र), प्लॅनर (विजेचा रंधा), सँडर (घासायचं यंत्र) वर्षभर थांबू शकतात.

फरशी कापायच्या कटरला लाकडाचं पातं लावून काम भागतं असं ऐकलंय.

मी हात जोडून सांगतो, करू नका. चार इंची मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे फिरतो, लाकडाची वर्तुळाकार करवत साधारण पाच हजार. तिचं झाकण काप संपताच आपोआप पात्यावर येतं. कटरच्या पात्याची खालची बाजू उघडीच राहते. लाकूड दाबलं गेलं आणि पातं अडकलं तर यंत्र उसळून अंगावर येतं, आणि दगडाच्या गुळगुळीत चकतीपेक्षा दात असलेलं पातं मांसात फार वेगळं वागतं. अँगल ग्राइंडरला करवतीचं पातं लावणं तर याहून वाईट. तेवढे पैसे नसतील तर हातकरवत घ्या, काम हळू होईल.

बेंच नाही. जमिनीवर बसून किंवा जेवणाच्या टेबलावर होईल?

होईल. भरभक्कम टेबल आणि दोन क्लॅम्प एवढ्यावर सुरू करा. रंध्याला मात्र टेबल हलता कामा नये, म्हणून ते भिंतीला टेकवा आणि भिंतीकडे ढकला. जमिनीवर बसून पायाने लाकूड धरून काम करणारे कारागीर किती सफाईने काम करतात ते बघितलंय. त्यात कमीपणा काही नाही. फक्त पटाशीच्या वाटेत पाय येऊ देऊ नका.

पहिली वस्तू म्हणून बेंच हुक बनवा. फूटभर फळी, एका टोकाला वरून एक पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून एक. खालची टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत चालवायची. एका दुपारचं काम आहे, आणि ते करताना मोजणं, आखणं, काटकोनात कापणं, भोकं पाडणं सगळंच येतं. मोगरी, सरळ पट्टी, आखणीचं गेज हीही घरीच होतात, ती विकत घेऊ नका.

क्लॅम्प किती लागतात?

चारावर सुरुवात करा. कमी पडले तर दोरी आणि काडी: वस्तूभोवती दोरीचा फेरा घाला, आत काडी घालून पिळा, कोपऱ्यात पुठ्ठा ठेवा. पांढरा पीव्हीए गोंद तासाभरात धरतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास द्या. आणि गोंद लावण्याआधी एकदा कोरडं जोडून बघा.

सरावासाठी लाकूड कुठलं?

पाइनसारखं मऊ, सरळ रेषांचं. सागवानावर शिकू नका. महाग तर आहेच, शिवाय त्यात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. मालाच्या लाकडी पॅलेट मोफत मिळतात म्हणून बरेच जण त्यावर सुरू करतात. चांगलंच आहे, पण आधी शिक्का बघा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. तेला-रसायनांचे डाग असलेलंही नको. आणि चुंबक फिरवून खिळे शोधल्याशिवाय करवत लावू नका, मोडलेला एक खिळा आठ-दहा दात घेऊन जातो.

सुरक्षेसाठी काय घ्यावं?

चष्मा आणि मास्क, दोन्ही पहिल्या दिवसापासून. लाकडाची धूळ साधी वाटते, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तिची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. कापडी रुमाल पुरत नाही, एन९५ हवा. फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजे घालू नका, ते ओढले जातात.

पटाशीचा नियम एकच आहे: धार ज्या दिशेला जाणार त्या दिशेला हात नको. माझ्या डाव्या तळव्यावर दीड इंची व्रण आहे. लाकूड एका हातात धरून दुसऱ्या हाताने पटाशी ढकलत होतो, आणि पटाशी बोथट होती म्हणून जोर जास्त लावला होता. लाकूड निसटलं. तेव्हापासून आधी क्लॅम्प लावतो, मग दोन्ही हात पटाशीवर. एक मुठीवरून ढकलायला, दुसरा पात्याला धरून अडवायला.

पुढचं हत्यार कधी घ्यायचं?

हातातल्या कामात एकाच जागी तीनदा अडलात की. एका वहीत लिहून ठेवा: कुठली वस्तू, कुठे अडलं, काय असतं तर झालं असतं. माझ्या वहीत सर्वात आधी ६ मिमीची पटाशी आली होती, मग डोव्हटेलची बारीक करवत. ज्या राउटरसाठी मी वर्षभर पैसे साठवत होतो, त्याचं नाव त्या वहीत दीड वर्षाने पहिल्यांदा लिहिलं गेलं.